चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही

(रौप्यमहोत्सवी वर्षातील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

जेवणाआधी ड्रेनेजचा विषय काढतोय म्हणून मला घरूनच दम मिळालाय. पण जेवणानंतर कोणी थांबत नाही, तेव्हा आत्ताच बोलून घेतो.

आपल्या सोसायटीला तीन-चार वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. जुलै महिना होता. ए विंगच्या मागचं चेंबर तुंबलं आणि तळमजल्यावर मोरीतून पाणी उलटं यायला लागलं. मी तेव्हा सेक्रेटरी होतो. नाक्यावरून दोन माणसं बोलावली. झाकण उघडलं आणि त्यातला एक जण कमरेला दोर बांधून सरळ आत उतरला. दोन मिनिटांत त्याचा आवाज बंद झाला. सोबत्याने दोर ओढला म्हणून तो वर आला. उलटी झाली, बराच वेळ भिंतीला टेकून बसून राहिला. आम्ही त्याला चहा दिला, पैसे दिले आणि विषय संपवला. त्याचं नाव कोणी विचारलं नाही. मीही नाही.

चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड नावाचा गॅस साचतो, हे मी नंतर वाचलं. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. म्हणजे ‘वास गेला, आता उतरायला हरकत नाही’ असं वाटतं, तेव्हाच जास्त धोका असू शकतो.

२०१३ सालच्या कायद्याने गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईला माणूस लावणं हा गुन्हा ठरला. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झाल्यास भरपाई ३० लाख रुपये केली. आमच्या वेळी हा कायदा यायचा होता. पण चूक कळण्यासाठी कायदाच लागतो असं थोडंच आहे!

म्हणून एजीएममध्ये मशीनचा विषय आला आणि ‘वर्षातून चारदा लागणाऱ्या वस्तूवर एवढा खर्च कशाला?’ असं विचारलं गेलं, तेव्हा मी ही गोष्ट सांगितली. ठराव मंजूर झाला.

मशीन तसं साधं आहे. मोटर, ड्रम, ड्रममध्ये गुंडाळलेली लांब लोखंडी स्प्रिंग आणि टोकाला कटर. स्प्रिंग फिरत पाइपात जाते आणि चोकअप फोडते. पण साधं म्हणून निर्धास्त राहू नका. ओली जमीन, वीज आणि फिरतं लोखंड एकत्र आलेलं आहे.

आधी वीज. थ्री-पिन प्लग, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असलेल्या पॉइंटवरच मशीन लावायचं. टेस्टचं बटण दाबून तो ट्रिप होतो ना, ते दर वेळी बघायचं. वायरचा जोड पाण्यात पडू द्यायचा नाही. कटर बदलायचा, स्प्रिंग तपासायची, तर प्लग काढून.

मग जागा. मशीन पाइपाच्या तोंडापासून दोन फुटांच्या आत ठेवायचं. बाहेर जास्त स्प्रिंग मोकळी राहिली आणि आत टोक अडकलं, तर ती बाहेर पीळ घेते आणि हाताला विळखा घालते.

अंगावर काय? चामड्याचे हातमोजे, चष्मा, रबरी तळव्याचे बूट. सुती हातमोजे किंवा चिंधी नको, ती स्प्रिंगमध्ये गुंडाळली जाते आणि बोटंही ओढते. सैल शर्ट, अंगठी, घड्याळ, सगळं काढून ठेवायचं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्प्रिंग धरणारा आणि पायाचं पेडल दाबणारा माणूस एकच हवा. पहिल्याच पावसाळ्यात स्प्रिंग माझ्या हातात होती आणि पेडलवर दुसऱ्याचा पाय होता. स्प्रिंग अडकली. मी ओरडलो ‘थांब’, पावसात त्याला ऐकू आलं ‘दाब’. मनगट मुरगळलं, तीन आठवडे डाव्या हाताने जेवलो. चूक त्याची नव्हती, पद्धतीची होती.

स्प्रिंग आधी हाताने जाईल तेवढी आत सारायची, मग पेडल. वीत-वीतभरच पुढे द्यायची, घाई नाही. मोटर कण्हायला लागली किंवा हातात पीळ जाणवला की लगेच पाय उचलायचा. उलटं फिरवायचं ते फक्त अडकलेलं टोक सोडवायला. पाणी उतरायला लागलं की वरून नळ सोडायचा. परत घेताना टोक पाइपात असतानाच मशीन बंद करायचं आणि शेवटचा भाग हाताने ओढायचा, नाहीतर कटर फटकारा मारतो. नंतर स्प्रिंग धुऊन, पुसून, तेल लावून ठेवायची. हात साबणाने धुवायचे. जखम असेल तर कामाला हात लावायचा नाही, पावसाळ्यात लेप्टोची भीती असते.

घरच्यांसाठी दोन गोष्टी. मोरीत अ‍ॅसिड किंवा ड्रेन क्लीनर ओतलं असेल तर आधी सांगा. तो द्रव स्प्रिंगबरोबर माणसाच्या तोंडावर उडतो. अ‍ॅसिड आणि ब्लीच तर कधीच एकत्र करू नका, विषारी क्लोरीन तयार होतो. दुसरं, आपल्या लाइनमधून काय निघतं ते ऐका: केसांचे पुंजके, भात, गोठलेलं तूप, वाइप्स, सॅनिटरी पॅड. हे सगळं कचऱ्याच्या डब्यात जायला हवं.

चेंबरमध्ये गाळच भरला असेल तर हे मशीन पुरणार नाही. तेव्हा सक्शनची गाडी मागवायची. एक दिवस वास सहन करू, पण माणूस आत उतरवायचा नाही. ‘मी उतरतो ना साहेब’ असं तो स्वतः म्हणाला तरी नाही.

पुढच्या कार्यकारिणीला विनंती: आरसीसीबी आणि पेडल दर पावसाळ्याआधी तपासा, आणि तरुणांपैकी दोघा-तिघांनी आपल्या प्लंबरकडून हे मशीन शिकून घ्या. मी रविवारी सकाळी पंपरूमपाशी असतो, या. आणि कामाला आलेल्या माणसाचं नाव विचारा. माझ्याकडून ते एकदा राहून गेलं आहे.

आता जेवायला हरकत नाही.