शेणखत, युरिया आणि आपला प्रस्ताव

(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गावाकडच्या भाजीपाला शेतकऱ्यांना मदत देताना 'रासायनिक खत पूर्ण बंद' अशी अट घालावी, असा प्रस्ताव आज आपल्यापुढे आहे. माझा त्याला विरोध आहे. माझं काम मातीवरच्या संशोधनाचं, त्यामुळे थोडे आकडे येतील. कंटाळा आला तर हात वर करा.

१८२८ साली फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत युरिया तयार केला. सजीवांच्या शरीरातले पदार्थ बनायला खास 'प्राणशक्ती' लागते, असं तोवर मानलं जाई. त्या समजुतीला तिथे तडा गेला. खताच्या बाबतीत मात्र ती प्राणशक्ती अजून ठणठणीत आहे! रोपाचं मूळ नत्र घेतं ते मुख्यतः नायट्रेट किंवा अमोनियमच्या रूपात. ते शेणातून आलं की पोत्यातून, हे मुळाला कळत नाही. 'रसायन म्हणजे विष' ही भाषा निदान आपल्या मंडळाला तरी शोभत नाही.

पण मुळाला न कळणारा फरक मातीला कळतो. हिमाचलमधल्या पालमपूरला सत्तरच्या दशकापासून एक दीर्घकालीन प्रयोग चालू आहे. तिथल्या आम्लधर्मी मातीत वर्षानुवर्षं नुसतं नत्रखत दिलेल्या तुकड्यात मका आणि गव्हाचं उत्पन्न जवळजवळ शून्यावर आलं. नत्र, स्फुरद, पालाश आणि जोडीला शेणखत दिलेला तुकडा मात्र आघाडीवर राहिला. आपल्याकडची काळी माती आम्लधर्मी नाही, त्यामुळे तिथे इतकं टोक गाठलं जात नाही. पण सेंद्रिय कर्ब कमी झाला की ती पटकन घट्ट होते, पाणी नीट मुरत नाही, आणि वरून टाकलेला युरियाही वाया जातो. म्हणजे कंपोस्ट नुसतं अन्न देत नाही, दिलेलं अन्न धरून ठेवायला मदत करतं. माझ्या मते त्याचं हेच काम जास्त मोलाचं.

आता हिशेब करू. टोमॅटोच्या एका एकराला १०० किलो नत्र लागतं असं धरा. चांगल्या शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र असतं, म्हणजे टनाला ५ किलो. त्यातलंही पहिल्या हंगामात पिकाच्या हाती लागतं ते फार तर एक तृतीयांश, बाकीचं सावकाश सुटतं. म्हणजे नुसत्या शेणखतावर १०० किलो मिळवायचं तर पहिल्या वर्षी ६० टन हवं! बैलगाडीत अर्धा टन मावतं असं म्हटलं तर १२० गाड्या. दोन-तीन जनावरं असलेल्या बाईने त्या आणायच्या कुठून? विकतच. म्हणजे आपली अट सगळ्यात गरीब शेतकऱ्यालाच सगळ्यात महाग पडणार.

त्याऐवजी आठ टन कुजलेलं खत घातलं तर पहिल्या हंगामात १२-१३ किलो नत्र मिळेल. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात सुमारे २१ किलो नत्र असतं. चार पोत्यांत उरलेली गरज जवळजवळ भागते. मात्र ती पोती एकदम रिकामी करायची नाहीत. कंपोस्ट लावणीआधी मातीत मिसळायचं आणि युरिया चार-पाच हप्त्यांत, फुलोरा आणि फळधारणेचा काळ सांभाळून, ओलीवर देऊन मातीआड करायचा. उघड्यावर पडला तर अमोनिया होऊन उडतो. आणि खत अर्धकच्चं नको. भुसा, काडीकचरा कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात, रोपं पिवळी पडतात आणि दोष कंपोस्टला लागतो.

अट घालून काय होतं ते श्रीलंकेत दिसलं. २०२१ मध्ये सरकारने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. त्याच नोव्हेंबरात निर्णय मागे घ्यावा लागला. तोवर भाताचं पीक घटलं आणि तांदूळ आयात करायची वेळ आली.

युरियावाल्यांनी एवढ्यावर खूश होऊ नये. २०१० साली भारतात खतांचं अनुदान अन्नद्रव्यांनुसार द्यायला सुरुवात झाली, पण युरिया त्यातून वगळला. तो स्वस्त राहिला, स्फुरद-पालाश महागले. शेतकरी स्वस्त तेच जास्त टाकणार. पानं हिरवीगार होतात, मावा वाढतो, जास्तीचं नायट्रेट विहिरीत उतरतं.

आणि आपण इथले परसबागवाले! दरवर्षी दुकानातून पोती आणून वाफ्यात चार बोटं कंपोस्ट ओततो. कंपोस्टमध्ये नत्राच्या मानाने स्फुरद बरंच असतं. नत्राची गरज त्यातूनच भागवायला गेलं तर स्फुरद साठत जातं आणि पावसाबरोबर ओढ्याकडे निघतं. इथे स्वस्तात माती तपासून मिळते, तेवढी तपासा. घोड्याची लीद फुकट मिळाली तरी आधी एका कुंडीत घेवडा लावून बघा. चाऱ्यावर मारलेली काही तणनाशकं जनावराच्या पोटातून आणि कुजण्यातूनही टिकतात, आणि त्याने टोमॅटोची पानं वेडीवाकडी होतात.

तेव्हा माझी दुरुस्ती अशी: 'रासायनिक खत पूर्ण बंद' हे शब्द काढावेत. त्या जागी, मदत घेणाऱ्या प्रत्येक शेतात पहिल्या वर्षी मातीपरीक्षण, त्याचा खर्च मंडळाचा. कंपोस्टच्या खड्ड्यासाठी पैसे. आणि पोत्यातलं खत किती घालायचं ते त्या अहवालावरून शेतकऱ्याने ठरवायचं. दुरुस्ती मताला टाकण्याआधी ज्यांना भांडायचं आहे त्यांनी भांडून घ्यावं.