डॉ. अदिती पंत आणि हिमसागरातील कुरण



आमचे कळमनुरी हे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. पाण्याचा मोठा विस्तार म्हटला की आम्हांस पैनगंगेवरील इसापूरचे धरण आठवते. शाळेत भूगोल शिकविताना जगाच्या नकाशाच्या तळाशी असलेला पांढरा पट्टा दाखवावयाचा, 'हा अंटार्क्टिका खंड' एवढे सांगावयाचे आणि पुढे जावयाचे, अशीच बहुतेक शिक्षकांची रीत. त्या पांढऱ्या पट्ट्याभोवतीच्या सागराचा जीवशास्त्रीय अभ्यास करण्यास प्रत्यक्ष गेलेल्या एका महाराष्ट्रीय विदुषीविषयी, म्हणजे डॉ. अदिती पंत यांच्याविषयी, आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

अदितीबाईंचा जन्म १९४३ साली नागपूर येथे झाला. औंध संस्थानचे अधिपती आणि सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे त्यांचे आजोबा. वडील आप्पासाहेब पंत हे स्वतंत्र भारताचे नामांकित राजदूत, तर मातोश्री नलिनीदेवी शस्त्रवैद्य. घरी विद्येचे वातावरण होते हे खरे. परंतु सागरविज्ञान हा त्या काळी आपल्याकडे मुलींनीच काय, मुलांनीही सहसा निवडण्याचा विषय नव्हता. मग ही ओढ लागली कशी? याचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. पुणे विद्यापीठात बी. एस्‌सी.चा अभ्यास चालू असता त्यांच्या हाती एक ग्रंथ आला. सर ॲलिस्टर हार्डी या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाचा 'द ओपन सी' हा तो ग्रंथ होय.

या हार्डीसाहेबांची ओळख करून घेणे अवश्य आहे. १९२५ ते १९२७ या काळात 'डिस्कव्हरी' जहाजावरून ते दक्षिण महासागरात गेले होते. देवमाशांची त्या काळी बेसुमार शिकार चालू होती. देवमासा टिकवावयाचा तर तो काय खातो आणि ते खाद्य कोठे व किती असते हे प्रथम कळले पाहिजे, म्हणून ती मोहीम निघाली. समुद्रातील सूक्ष्म जीवांची नोंद चालत्या जहाजामागून सलग घेणारे एक यंत्रही हार्डींनी तयार केले. पुढे मोठे प्राध्यापक झाल्यावर त्यांनी ही सर्व विद्या सामान्य वाचकास समजेल अशा भाषेत, स्वतः काढलेल्या रंगीत चित्रांसह, दोन भागांत लिहून काढली. पहिला भाग १९५६ साली आणि दुसरा १९५९ साली प्रसिद्ध झाला. त्या पुस्तकाने पुण्यातील एका विद्यार्थिनीच्या आयुष्याची दिशा ठरविली.

त्या ग्रंथाचा पहिला भाग आहे प्लवकांविषयी. पाण्यात तरंगणारे आणि प्रवाहाबरोबर वाहत जाणारे बारीक जीव म्हणजे प्लवक. त्यांपैकी वनस्पतिवर्गातील प्लवक इतके सूक्ष्म असतात की सुटा जीव बहुधा सूक्ष्मदर्शकावाचून दिसत नाही. परंतु ते कोट्यवधी एकत्र आले म्हणजे उन्हाळ्यात तळ्याच्या पाण्यास येते तशी हिरवट झाक समुद्रास येते. शेतातील पिकाप्रमाणेच हे जीव सूर्यप्रकाशावर आपले अन्न तयार करतात. पृथ्वीवर प्रकाशाच्या साहाय्याने जेवढे अन्न निर्माण होते, त्यापैकी जवळजवळ निम्मे या अदृश्य कुरणात निर्माण होते. दक्षिण महासागरात हे कुरण क्रिल नावाचा, कोळंबीसारखा दिसणारा, फार तर दोन-अडीच इंच लांबीचा जीव खातो. क्रिलवर पेंग्विन, सील आणि शंभर टनांहून अधिक वजनाचा निळा देवमासा पोसला जातो. गवत, गाय आणि दूध हा क्रम आपण जाणतो. तेथील क्रमही तितकाच साधा आहे. गवत जळाले तर गोठा टिकत नाही, हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

अदितीबाईंनी या कुरणाचा अभ्यास आरंभिला तो मात्र उष्ण प्रदेशात. अमेरिकन सरकारची शिष्यवृत्ती मिळवून त्या हवाई विद्यापीठात गेल्या आणि तेथे सागरविज्ञानाची एम. एस. पदवी त्यांनी संपादिली. त्यानंतर लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजात सागरी शैवालांच्या शरीरक्रियेवर संशोधन करून त्यांनी डॉक्टरेट मिळविली. परदेशी राहणे अवघड नव्हते. परंतु गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संस्थापक संचालक डॉ. पणिक्कर यांच्या भेटीनंतर त्या स्वदेशी परतल्या. ही संस्था १९६६ साली स्थापन झालेली, म्हणजे तेव्हा बाल्यावस्थेतच होती. तेथे राहून त्यांनी पश्चिम किनाऱ्याच्या पाण्याचा अभ्यास केला. पाणी भरावयाचे, गाळावयाचे, मोजावयाचे आणि लिहून ठेवावयाचे. वर्षानुवर्षे हेच काम.

डिसेंबर १९८३ मध्ये भारताची तिसरी अंटार्क्टिका मोहीम डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहून निघाली. तीत भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता आणि डॉ. अदिती पंत या दोघी होत्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या स्त्रिया त्या याच. याच मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे आपले पहिले ठाणे हिमावर उभे राहिले. अदितीबाईंचे काम होते किनाऱ्याजवळच्या सागरातील अन्नसाखळीचे. बर्फाखालील पाण्यात प्रकाश किती पोहोचतो, प्लवक किती आणि त्यांवर कोण जगते, हे तेथे पाहावयाचे होते. पुढे पाचव्या मोहिमेतही त्या गेल्या. भारत सरकारने अंटार्क्टिका पुरस्कार देऊन त्यांचा गौरव केला. १९९० नंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्यांनी खाऱ्या पाण्यातील सूक्ष्म जीवांच्या विकरांवर संशोधन केले.

'पहिल्या स्त्रिया' म्हणून आपण त्यांचे नाव पाठ करतो. सामान्यज्ञानाच्या परीक्षेस तेवढे पुरते. त्यांचे काम समजण्यास पुरत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अंटार्क्टिकाभोवतीचा सागरी बर्फ उपग्रहांच्या नोंदी सुरू झाल्यापासूनच्या नीचांकास पोहोचला. बर्फाच्या तळाशी वाढणारे शैवाल हे हिवाळ्यात क्रिलच्या पिलांचे अन्न. बर्फ आटला तर त्या कुरणाचे काय होणार, हा प्रश्न आज उभा आहे. पूर्वी कोणी मोजून ठेवले असेल तरच आज काय बदलले ते सांगता येते. पहिलेपणाचा मान एकदाच मिळतो. मोजमापांची वही पुढच्या पिढ्यांच्या कामी येते.

दुसरी गोष्ट आपल्या घरांशी संबंधित आहे. हार्डीसाहेबांनी आपले ज्ञान विद्वानांच्या नियतकालिकांतच ठेवले असते, तर ते पुण्याच्या त्या विद्यार्थिनीपर्यंत कदाचित पोहोचलेच नसते. शास्त्र करणे आणि शास्त्र सांगणे ही एकाच व्रताची दोन अंगे आहेत. अदितीबाईंनीही भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांच्या 'लीलावतीज् डॉटर्स' या २००८ सालच्या संग्रहात आपली वाटचाल स्वतः सांगितली आहे. आता कोणी म्हणेल, की त्या राजदूताच्या कन्या होत्या. आमच्या कळमनुरीच्या मुलीस ते साधन कोठून? आक्षेप रास्त आहे. परंतु म्हणूनच तिच्या भाषेतील पुस्तकाचे मोल अधिक नव्हे काय? ज्या घरी प्रवास नाही, परदेश नाही, त्या घरी जगाचा दरवाजा पुस्तकच उघडते. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हे कार्य करीत आहे. ते एका संस्थेवर टाकून आपणांस मोकळे होता येणार नाही.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांस माझी विनंती एवढीच आहे. मुलीच्या वाढदिवसास दागिना वा वस्त्र घेताना त्याबरोबर शास्त्रावरचे एक चांगले मराठी पुस्तकही घ्यावे, आणि वाचून झाल्यावर ते एखाद्या खेड्यातील शाळेस पाठवावे. ज्यांस शास्त्र येते त्यांनी ते मराठीत लिहावे. कोणते पुस्तक कोणत्या मुलीस कोठवर नेईल हे देणाऱ्यास ठाऊक नसते. पण ते तिच्या हाती पडावे, एवढे तर आपल्या हाती आहे.