घरचा कॉम्प्युटर : बंद पडला तर काय बघावं, काय जपावं

(कम्युनिटी रेडिओवर झालेलं भाषण)

आम्ही पारोळ्याकडच्या एका गावातल्या बचत गटाच्या बाया बोलतोय.

आज विषय आहे घरातल्या कॉम्प्युटरचा. आम्ही काही इंजिनिअर नाही. आमच्यातल्या दोघींनी एमएस-सीआयटी केलंय, बाकीच्या बघून बघून शिकल्या. पण आमच्याकडून एक चूक झाली आणि तिच्यामुळे गट मोडायची वेळ आली होती. ती चूक तुमच्याकडून होऊ नये, म्हणून आधी तीच सांगतो.

आमच्या गटाचा कॉम्प्युटर सचिवताईंच्या घरी आहे. हिशोब त्यावर चढवायला लागलो, तेव्हा आम्ही सगळ्यांना सांगून टाकलं, ‘आता पासबुकात लिहायची गरज नाही, सगळं मशीनमध्ये आहे.’ एका उन्हाळ्यात मशीन चालू व्हायचं, पण पुढे जायचंच नाही, पडद्यावर नुसते ठिपके गोल फिरत राहायचे. घरात पहिला प्रश्न आला, ‘कोणी हात लावला?’ सून बिचारी गप्प. मशीन दुकानात नेलं. तिथे म्हणाले, ‘फॉरमॅट मारावं लागेल.’ आम्ही मान हलवली. फॉरमॅट म्हणजे काय, हे विचारायची लाज वाटली.

संध्याकाळी मशीन नव्यासारखं होऊन आलं, पण हिशोबाची फाईल गेली होती. दीड वर्षाचा हिशोब!

पुढच्या बैठकीला आमच्या जिजी म्हणाल्या, ‘मी दोन्ही हप्ते भरले आहेत.’ पासबुकात नोंद नव्हती, मशीनमध्ये नव्हती. कोणी काही बोललं नाही, पण दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. ते जिजींनी पाहिलं. त्यानंतर दोन बैठकांना त्या आल्याच नाहीत. शेवटी बँकेतून खातेउतारा आणला, भरणा केलेल्या दिवसांच्या रकमा एकेक करून जुळवल्या, आणि जिजींचे दोन्ही हप्ते सापडले. आम्ही सगळ्या त्यांच्या घरी जाऊन बसलो. त्या परत आल्या, पण ती नजर काही आम्हाला विसरता येत नाही.

उमेदच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्यासोबत पाचवं सूत्र हिशोब लिहिण्याचं आहे. ते पाचवं सूत्र आम्ही एका डब्यात कोंडून ठेवलं होतं. मशीन दुसरं घेता येतं, हिशोब विकत मिळत नाही. म्हणून आज जे सांगतोय, ते याच क्रमाने लक्षात ठेवा: मशीन नीट मांडा, बिघडलं तर शांतपणे तपासा, आणि माहितीची नक्कल कायम आपल्या हातात ठेवा.

आधी मांडणी. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो. मशीनलाही ऊन लागतं. पश्चिमेच्या भिंतीला किंवा खिडकीच्या उन्हात ते ठेवू नका. कूलरच्या थेट झोतातही नको, कारण ती हवा ओली असते. ज्याला आपण सीपीयू म्हणतो तो डबा जमिनीवर ठेवू नका. पाट किंवा स्टूल घ्या, आणि मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा, गरम हवा तिथूनच बाहेर पडते. मशीन झाकायला आपण हौसेने विणलेलं कव्हर घालतो, ते मशीन बंद असतानाच. चालू मशीनवर कव्हर म्हणजे उन्हाळ्यात गोधडी.

दुसरं, कापूस. भाव येईपर्यंत आपण तो घरातच भरून ठेवतो. त्याचे तंतू मशीनच्या पंख्यात जाऊन बसतात. पंखा घरघरायला लागला, मशीन तापून आपोआप बंद व्हायला लागलं, की समजा धूळ साचली. पिन काढून घ्या, बाजूचं झाकण उघडा आणि रंगाच्या कोरड्या, मऊ ब्रशने हळू साफ करा. पंखा एका बोटाने धरून ठेवा, तो गरगर फिरू देऊ नका. ओलं फडकं अजिबात नको. मशीनला वॉरंटी असेल तर झाकण उघडू नका. आणि वायरी जिथून निघतात तो आतला लोखंडी डबा, त्याला एसएमपीएस म्हणतात, तो कधीही उघडायचा नाही. पिन काढल्यावरही त्यात करंट शिल्लक राहतो.

तिसरं, लाईट. पिनेचा तिसरा, जाड पाय अर्थिंगचा असतो. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून तो कापू नका. डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नाही असं समजा आणि वायरमनला बोलवा, त्यात कसूर नको. लाईट गेली आणि परत आली, की लगेच मशीन लावू नका. पाच मिनिटं थांबा, व्होल्टेज स्थिर होऊ द्या. यूपीएस असेल तर तो काम उरकण्यासाठी नाही, फाईल सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यासाठी आहे. घरगुती छोटा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं टिकतो, बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी. लेझर प्रिंटर त्याला जोडू नका, तो एकदम जास्त वीज ओढतो. वळवाच्या दिवसांत आभाळ गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही. पिन काढा आणि इंटरनेटची वायरही काढा.

आता मशीन बंद पडलं तर. ‘काय व्हयनं माय, कोणी हात लावला?’ हा प्रश्न विचारायचा नाही. कीबोर्डवरचं एखादं बटण चुकून दाबलं म्हणून मशीन जळत नाही. जळतं ते व्होल्टेजने, उष्णतेने, धुळीने. तेव्हा हा क्रम धरा.

पहिलं: त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून बघा. चार्ज होत नसेल तर दोष बोर्डात आहे, मशीनमध्ये नाही.

दुसरं: यूपीएसचा दिवा लागलाय का? डब्याच्या मागे एक छोटं बटण असतं, त्यावर रेघ आणि गोल काढलेला असतो. रेघेची बाजू दाबलेली हवी.

तिसरं: डब्याचा पंखा फिरतोय, पण पडदा काळा आहे? मग पडद्याचा स्वतःचा दिवा बघा. तो नारिंगी असेल किंवा उघडझाप करत असेल, तर पडद्याला वीज मिळतेय, पण डब्याकडून चित्र येत नाही. दोघांमधली केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवा.

चौथं: तरीही नाही, तर पिन काढा, चालू करायचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा, मग पिन लावून पुन्हा सुरू करा.

पाचवं: चालू करताना पुन्हा पुन्हा बीप वाजत असेल, तर बहुतेक वेळा रॅमची पट्टी हललेली असते किंवा तिच्यावर मळ बसलेला असतो. पिन काढून, डब्याच्या लोखंडाला एकदा हात लावून पट्टी काढायची, तिचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबराने हलके पुसायचे आणि कट् आवाज येईपर्यंत बसवायची. धीर होत नसेल तर हे दुकानात तुमच्यासमोर करून घ्या.

याच क्रमाने गेलो म्हणून मागच्या पावसाळ्यात आमचं बंद पडलेलं मशीन दुकानात न नेता सुरू झालं. उंदराने पडद्याची केबल ओढली होती, एवढंच.

आणखी एक. मशीन सुरू होतं, पण तारीख भलतीच दाखवतं, आणि बँकेची किंवा सरकारी वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाही. अशा वेळी इंटरनेटला दोष देऊ नका. आत घड्याळासाठी नाण्याएवढा एक सेल असतो, तो संपलेला असतो. त्याचा नंबर बहुधा सीआर २०३२. हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो बदला, तारीख लावा, वेबसाइट उघडते.

मशीन अडकलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. कोणता प्रोग्राम अडकलाय ते दिसेल, तेवढाच बंद करा. आणि मशीन मंद झालं तर ‘शट डाउन’ ऐवजी ‘रीस्टार्ट’ करा. आताच्या विंडोजमध्ये शट डाउन केल्यावर आतलं बरंचसं तसंच राहतं, रीस्टार्टनेच ते खरं नव्याने सुरू होतं.

कधी अचानक पडदाभर लाल पाटी येते, भोंगा वाजतो, ‘व्हायरस आलाय, या नंबरवर फोन करा’. फोन करायचा नाही. ती लबाडी आहे. मशीन बंद करा. कोणी फोनवरून ‘हे ॲप टाका, मी तुमचं मशीन दुरुस्त करतो’ म्हणालं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर कळवा.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, नक्कल. आमची फाईल डेस्कटॉपवर होती. समोर दिसते म्हणून ती सुरक्षित, असं आम्हाला वाटायचं. पण डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे दोन्ही सहसा सी ड्राइव्हमध्ये असतात, आणि फॉरमॅटमध्ये पहिल्यांदा तोच पुसला जातो. म्हणून दुकानदाराला दोन प्रश्न विचारा, लाजू नका: ‘काय काय पुसलं जाणार?’ आणि ‘आधी आमच्या फाईली पेनड्राइव्हवर काढून देता का?’ मशीन सुरू होत नसलं तरी डिस्क चांगली असेल तर ती दुसऱ्या मशीनला जोडून फाईली काढता येतात. हे आम्हाला त्या दिवशी माहीत असतं तर! आणि चुकून पुसलंच गेलं, तर त्या मशीनवर नवीन काही करू नका. नवीन भरलं की जुनं परत मिळण्याची शक्यता कमी होत जाते.

आता आमच्या गटाची रीत अशी आहे. प्रत्येक बैठकीत हिशोबाची फाईल पेनड्राइव्हवर उतरवतो आणि लगेच उघडून बघतो. न उघडलेली नक्कल म्हणजे न मोजलेले पैसे. तो पेनड्राइव्ह सचिवताईंच्या घरी राहत नाही, तो जिजींच्या ट्रंकेत राहतो. एक नक्कल इंटरनेटवर, गटाच्या ईमेलला पाठवतो. आणि पासबुकात पेनाने लिहिणं पुन्हा सुरू केलंय, सहीसकट.

मैत्रिणींनो, या आठवड्याच्या बैठकीत एवढंच करा. तुमच्या हिशोबाची फाईल एका पेनड्राइव्हवर घ्या, दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या घरी ठेवा. ज्या घरात मशीन आहे, तिथल्या सुनेला आणि लेकीला ते चालवू द्या. आमच्याकडे केबल बसवली ती त्याच सुनेने, जिला आधी ‘हात लावला का’ म्हणून विचारलं होतं.

राम राम.