चक्रीवादळाची वाट : अंदाज आणि निरीक्षण यांचा मेळ

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर पारादीपजवळ जे महाचक्रीवादळ आदळले, त्यात सुमारे १०,००० माणसे मृत्युमुखी पडली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी त्याच राज्यात गोपाळपूरजवळ ‘फायलिन’ हे अतिशय प्रबळ वादळ किनाऱ्यावर आले. परंतु तत्पूर्वी १० लाखांच्या आसपास लोकांना सुरक्षित स्थळी हलविण्यात आले होते, आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. या फरकाचे श्रेय निवारागृहांना, प्रशासनाला आणि गावोगावच्या स्वयंसेवकांना द्यावयास हवे. तथापि लोकांना हलवावयाचे, तर कोठून हलवावयाचे हे आधी कळले पाहिजे. वादळाची वाट अगोदर सांगण्याच्या विद्येतील एक अल्पपरिचित अंग, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

चक्रीवादळ स्वतःभोवती फिरत असले, तरी त्याचा प्रवास मुख्यत्वे सभोवतालच्या विस्तृत वायुप्रवाहांवर अवलंबून असतो. नदीतील भोवरा प्रवाहाबरोबर वाहत जावा, तसे ते पुढे सरकते. म्हणून वादळाचे केंद्र कोठे आहे एवढे कळून भागत नाही. त्याच्या भोवती शेकडो किलोमीटरपर्यंत आणि वर १०-१२ किलोमीटर उंचीपर्यंत वारा, दाब, तापमान व आर्द्रता यांची आजची स्थिती माहीत असावी लागते. त्या स्थितीवरून संगणक भौतिकीच्या नियमांनी उद्याची स्थिती काढतो.

आरंभीची स्थिती चुकली तर काय होते, याचा धडा ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांच्या १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. त्यांनी हाताने आकडेमोड करून ६ तासांत हवेचा दाब १४५ मिलीबारने वाढेल, असे उत्तर काढले. प्रत्यक्षात दाब जवळजवळ बदललाच नव्हता. दोष मूळ समीकरणांचा नव्हता. आरंभी घेतलेले वाऱ्याचे व दाबाचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते.

बंगालच्या उपसागरावर ही अडचण अधिकच तीव्र होते. निरीक्षणाचे फुगे बहुधा जमिनीवरून सोडले जातात, आणि जहाजे वादळापासून दूर राहतात. उपग्रह सर्वत्र पाहतो हे खरे. पण तो तापमान मोजत नाही, वर येणारे प्रारण मोजतो. संगणकाला मात्र लक्षावधी बिंदूंवरील आकडे हवे असतात. ही उणीव आधीच्या अंदाजाने भरून काढली जाते. सहा तासांपूर्वी संगणकाने ‘आता’साठी जे भाकीत केले होते ते हाती घ्यावयाचे आणि ताज्या निरीक्षणांनी त्यात दुरुस्ती करावयाची, या क्रियेला आधारसामग्रीचे आत्मसातीकरण म्हणतात.

दुरुस्ती किती करावयाची, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. अंदाजाने दाखविलेले केंद्र आणि उपग्रहाने दाखविलेले केंद्र यांत ५० किलोमीटरचे अंतर आहे, असे मानावे. अंदाजातील चूक साधारण ६० किलोमीटरची आणि निरीक्षणातील ३० किलोमीटरची असते. चुकांच्या वर्गांच्या व्यस्त प्रमाणात भार दिल्यास निरीक्षणाला चार वाटे व अंदाजाला एक वाटा मिळतो. केंद्र अंदाजापासून निरीक्षणाकडे ४० किलोमीटर सरकते. दोन्ही चुका परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर या निष्कर्षातील चूक सुमारे २७ किलोमीटर उरते. दोन्ही मूळ साक्षींपेक्षा ती कमी आहे. रुडॉल्फ काल्मान यांनी १९६० साली मांडलेल्या पद्धतीचा गाभा हाच आहे.

वास्तवात एका ठिकाणचे निरीक्षण दूरच्या ठिकाणचा आणि वेगळ्या राशीचा अंदाजही सुधारते. त्यासाठी चुकांचे परस्परसंबंध माहीत असावे लागतात. समूह पद्धतीत थोड्याफार फरकाने अनेक अंदाज केले जातात आणि ते जेथे एकमेकांपासून दूर जातात, तेथे अनिश्चितता अधिक समजली जाते. गेअर एवेन्सन यांनी १९९४ साली ही वाट दाखविली. दुसऱ्या, चतुर्मित पद्धतीत काही तासांतील सर्व निरीक्षणांशी सर्वांत चांगली जुळणारी आरंभीची स्थिती शोधली जाते. १९९७ साली युरोपीय मध्यम-अवधी केंद्राने ती दैनंदिन कामात आणली. भारतात १९८८ साली स्थापन झालेले राष्ट्रीय मध्यम-अवधी हवामान अंदाज केंद्र आत्मसातीकरणाचे कार्य करते.

उष्ण कटिबंधात आणखी एक पेच आहे. समशीतोष्ण प्रदेशात वारा आणि दाब यांचे नाते पक्के असते. विषुववृत्ताकडे ते सैल होत जाते. शिवाय अंदाजातील वादळ मुळातच भलत्या जागी असेल, तर खऱ्या केंद्राजवळचे अचूक निरीक्षणच चुकीचे समजून वगळले जाण्याचा धोका असतो. म्हणून काही पद्धतींत आधी अंदाजातील भोवरा उचलून योग्य जागी ठेवतात आणि मगच दुरुस्तीला आरंभ करतात.

इतके करूनही अनिश्चितता नाहीशी होत नाही. म्हणून नकाशावर वादळाच्या संभाव्य वाटेभोवती पुढे रुंदावत जाणारा पट्टा काढतात. तो गरजेपेक्षा रुंद ठेवला, तर हजारो कुटुंबे विनाकारण घर सोडतात आणि पुढील इशाऱ्यावरचा त्यांचा विश्वास उडतो. तो फाजील आत्मविश्वासाने अरुंद केला, तर पट्ट्याबाहेरचे गाव बेसावध राहते. निरीक्षणाला किती मान द्यावा आणि अंदाजाला किती, हा गणिताचा प्रश्न अखेर किनाऱ्यावरील त्या गावाच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचतो.