वाचल्याशिवाय सही नको
(रेवदंडा परिसरातील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



रोमबद्दल बोलणार म्हटल्यावर काहीजणी हसलात. मासळीचा भाव, पाण्याचा नळ, जमिनीचे व्यवहार हे सगळं सोडून दोन हजार वर्षांपूर्वीचं राज्य कशाला? पण ते राज्य आपल्या दारापर्यंत आलं होतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात ‘सेमुल्ला’ नावाचं बंदर आहे. ते म्हणजे आपलं चौल, असं अभ्यासक मानतात. घारापुरीला रोमन मद्यकुंभांची खापरं सापडली आहेत. पश्चिम किनाऱ्यावरून मिरी, मोती, सुती कापड तिकडे जाई आणि सोनं-चांदी इकडे येई.

त्याच शतकातला रोमन लेखक प्लिनी तक्रार करतो, की भारत, चीन आणि अरबस्तान मिळून दरवर्षी आमचे दहा कोटी सेस्टर्स घेऊन जातात. दोष कुणाचा? चैनीचा आणि बायकांचा! प्रत्यक्षात या मालावर रोमन सरकार 25 टक्के जकात घेत होतं. तिजोरी भरली सरकारची, नाव मात्र बायकांच्या नटण्याचं. ओळखीचं वाटतं ना?

आज आपण विद्यापीठाच्या सिनेटची निवडणूक म्हणतो, व्हेटो म्हणतो. हे शब्द रोमचे. राजाला घालवून प्रजासत्ताक आणल्याचा रोमला फार अभिमान. पण त्या प्रजेत बायका नव्हत्या. त्यांना ना मत, ना पद. घरात बापाची सत्ता. बाप नसला तरी प्रौढ बाईवर एक पालक नेमलेला. त्याच्या संमतीशिवाय तिला जमीन विकता येत नसे. दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गायस लिहितो, की बायका हलक्या बुद्धीच्या म्हणून पालक, हे कारण वरवरचं आहे, खरं नाही. कायदा शिकवणाऱ्यालाच ते पटत नव्हतं, तरी कायदा चालूच राहिला.

बायका मात्र गप्प बसल्या नाहीत. इ.स.पू. 215 मध्ये, युद्धकाळात, बाईने अर्ध्या औंसापेक्षा जास्त सोनं बाळगू नये, रंगीत वस्त्र नेसू नये, शहरात गाडीत बसू नये, असा ओपियन कायदा झाला. युद्ध संपलं, कायदा राहिला. इ.स.पू. 195 मध्ये बायकांनी रस्ते अडवले. केटोसारखा वजनदार पुढारी विरोधात उभा राहिला, तरी कायदा रद्द झाला. पुढे इ.स.पू. 42 मध्ये 1400 श्रीमंत स्त्रियांवर युद्धकर लादला गेला. तेव्हा हॉर्टेन्सिया भर चौकात उभी राहिली. राज्यकारभारात आम्हाला वाटा नाही, मग कर का भरायचा, असं तिने विचारलं. यादी 400 वर आली. या लढाया वरच्या घरातल्या बायकांच्या होत्या. त्यांच्या घरी राबणाऱ्या गुलाम बायकांसाठी कुणी चौकात उभं राहिलं नाही. हेही आपण विसरायचं नाही.

आधी बाप, मग नवरा, मग मुलगा ही राखण आपल्याला रोमकडून शिकावी लागली नाही. ती सांगणारी मनुस्मृती 25 डिसेंबर 1927 रोजी आपल्याच जिल्ह्यात, महाडला जाळली गेली. तरी 1956 च्या हिंदू पालकत्व कायद्यात मुलांचा नैसर्गिक पालक बाप, ‘त्याच्यानंतर’ आई असं लिहिलं गेलं. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’ म्हणजे त्याच्या मृत्यूनंतरच नव्हे, असा अर्थ लावला. पण शब्द तोच राहिला.

आता आपल्या घरात या. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. पण किनाऱ्यावर जमिनीला भाव आला, की बहिणीला गाडी पाठवून बोलावतात. जेवण होतं, साडी मिळते आणि समोर हक्कसोडपत्र येतं. ‘सही कर, नाहीतर माहेर तुटेल.’ रोममध्ये बाईच्या सहीला पालकाची संमती लागायची. आपल्याला स्वतःची सही मिळाली आहे, पण ती मागितली जाते बहुतेक वेळा हक्क सोडायलाच.

म्हणून एवढंच ठरवून उठू या. सातबारा स्वतः काढायचा. कागद घरी आणून मंडळात वाचून घ्यायचा. द्यायचं असेल तर समजून द्या, पण वाचल्याशिवाय सही नको. एकटीला जड वाटलं, तर आम्ही चौघीजणी सोबत येऊ.