भांड्यावरचे नाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सेक्रेटरीबाईंनी मला विषय दिला तो असा : नोकरीत आपल्या कामाची दखल घेतली जाते का, आणि घेतली जात नसेल तर मनाजोगे काम कसे शोधावे. मी म्हटले, अहो, मी काही व्याख्याती नव्हे. एकवीस वर्षे खर्डेघाशी केलेली बाई. त्या म्हणाल्या, "म्हणूनच तर तुम्हांला सांगते आहे." तेव्हा आज जे काही कमीजास्त बोलेन त्याची निम्मी जबाबदारी त्यांची!

आपण कसब्यातल्या. तांबट आळीतले ठोके पूर्वीइतके नसले तरी अजून कानांवर पडतात. पत्र्यावर एकेक ठोका सारख्या अंतराने बसवायचा, त्याला मठारकाम म्हणतात. हात चुकला की भांडे बिघडले. असे घडवलेले घंगाळ किंवा हंडा आपल्या घरी येतो तेव्हा त्यावर नाव कोणाचे असते? देणाऱ्याचे. 'मामाकडून सप्रेम भेट', आणि खाली तारीख. ज्याने ते घडवले त्याचे नाव मी तरी एकाही भांड्यावर पाहिलेले नाही. आमच्याकडच्या मोठ्या हंड्यावर सासूबाईंच्या एका चुलतदिरांचे ठसठशीत नाव आहे, आणि तो हंडा त्यांनी स्वतः विकत घेतला नव्हता अशी घरात वदंता आहे. असो.

माझ्या कचेरीतही भांड्यावरच्या नावाचाच न्याय होता. मी हिशेब विभागात होते. मार्च आला की रात्री आठ-आठ वाजेपर्यंत बसून ताळेबंद जुळवायचा. एक वर्षी अकरा रुपयांचा फरक लागत नव्हता. तो मी तीन दिवसांनी एका जुन्या पावतीत शोधून काढला. तपासनीस आले, त्यांनी कागद पाहून विचारले, "हे कोणी केले?" साहेब म्हणाले, "आमच्या ऑफिसने." मी तिथेच उभी होते. त्यांच्या मनात कपट नव्हते, हेही सांगते. त्यांना खरोखरच सुचले नाही की ऑफिस म्हणजे कोणीतरी माणूस असते. पुढे वर्षातून एकदा शाल आणि श्रीफळ मिळे आणि "बाईंच्यावाचून आमचे पान हलत नाही" असे भाषण होई. पान हलत नव्हते खरे, पण बढतीच्या यादीत माझे नावही हलत नव्हते. नारळाची चटणी छान होई, एवढेच.

त्या वेळी मला वाटे की आपल्याला कौतुकाची हाव आहे, ही आपलीच खोड. ती समजूत मोडली ती आपल्या गल्लीत रोज सकाळी ढकलगाडी घेऊन येणाऱ्या बाईने. चार वर्षे मी तिला 'कचरेवाली' म्हणत होते. एकदा गॅलरीतून हाक मारली, "अगं कचरेवाली, थांब जरा." ती थांबली, बादली घेतली आणि शांतपणे म्हणाली, "काकू, माझं नाव कार्डावर लिहिलंय." गळ्यातले कार्ड तिने पुढे केले. मी चष्मा आणायला घरात गेले ती थोडी जास्तच वेळ घरात राहिले.

मग तिच्याशी बोलणे होऊ लागले, आणि त्या कार्डाची हकीकत मी मुद्दाम वाचून काढली. आपल्या शहरात घडलेली ही गोष्ट आपल्यालाच नीट ठाऊक नाही.

महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापन केलेले महिला विद्यापीठ आपण जाणतो. त्याच विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढशिक्षण विभागाच्या शिक्षिका वस्त्यांमध्ये साक्षरतेचे वर्ग चालवीत. कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायका आणि त्यांची मुले या वर्गांना येत. या बायका पहाटे घर सोडत, कचराकुंडीत कंबरेपर्यंत वाकून विकण्याजोगे तेवढे वेचत, आणि पोते डोक्यावर घेऊन भंगारवाल्याकडे जात. वाटेत कोणी चोर म्हणून हटकावे, कोणी पोते उलटे करायला लावावे. शिक्षिकांच्या ध्यानात आले की, घरातच ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवला तर बाईला कुंडीत हात घालावा लागणार नाही. किती साधी गोष्ट! पण ती सुचायला बाईबरोबर कुंडीपर्यंत जावे लागले.

मे १९९३ मध्ये या कष्टकऱ्यांचा पुण्यात मेळावा भरला. डॉ. बाबा आढाव यांचा हात पाठीशी होता. हमालांची संघटना उभी करण्याचा त्यांचा अनुभव दांडगा. त्यातून 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' निघाली. तुम्हांला वाटेल, पहिली मागणी पैशांची असेल. ती होती ओळखपत्राची. आम्ही भिकारी नाही, चोर नाही, आम्ही काम करतो. तुमच्या शहराचा जेवढा कचरा आम्ही उचलतो तेवढा वाहून नेण्याचा खर्च तुमचा वाचतो, तर आम्ही कामगार आहोत असे लिहून द्या. १९९५-९६ च्या सुमारास पुणे महानगरपालिकेने त्या कार्डांना मान्यता दिली. देशात अशी मान्यता देणाऱ्या पहिल्या पालिकांत आपली पालिका होती. पुढे २००२-०३ मध्ये आजारपणाच्या विम्याची सोय झाली, आणि २००८ मध्ये 'स्वच्छ' या त्यांच्या सहकारी संस्थेशी पालिकेने करार केला. कुंडीतली बाई आपल्या दारात आली ती अशी.

आमच्या गल्लीतल्या बाईची आईही हेच काम करी. आईचे पहिले कार्ड हिने अजून जपून ठेवले आहे, कडा झिजलेले. मी विचारले, "कार्डाने काय फरक पडला?" मला वाटले, ती मानाबिनाविषयी काही बोलेल. ती म्हणाली, "आई पोलिसाला बघून गल्ली बदलायची. कार्ड आल्यावर सरळ जायला लागली." आणि थोडे थांबून, "पाय कमी दुखायचे."

भगिनींनो, दखल म्हणजे काय ते मला त्या दिवशी उमगले. शाल देणाऱ्याला काही बदलावे लागत नाही. कार्ड देणाऱ्याला बदलावे लागते : नाव लिहावे लागते, काम मानावे लागते, आजारी पडली तर तिची सोय बघावी लागते. सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. कराराची मुदत संपत आली की या बायकांच्या जिवाला अजून घोर लागतो.

आणि आपले काय? आता थोडे उघड बोलते, पुरुषमंडळी नाहीत तोवर. पाळीच्या दिवसांतले वापरलेले पॅड आपण तसेच कचऱ्यात टाकतो आणि ते दुसऱ्या बाईला हाताने वेगळे करावे लागते. २०१३ मध्ये या बायकांनी अशा घाणीच्या पिशव्या भरून ते बनवणाऱ्या कंपन्यांनाच परत पाठवल्या होत्या! मला हे वाचून हसूही आले आणि लाजही वाटली. कागदात नीट गुंडाळावे आणि वर लाल ठिपका काढावा, एवढेच त्यांचे मागणे आहे. महिन्याचे ठरलेले पैसेही वेळेवर द्यावेत. "उद्या ये" हे तिला दहा दारांशी ऐकावे लागते.

आता विषयाचा दुसरा भाग, मनाजोगे काम. परवा आमच्या शेजारची मुलगी विचारीत होती, "काकू, सोडून देऊ का नोकरी?" मी तिला आधी तिच्या डब्यातले पीठ मोजायला सांगितले. सहा महिने घर चालेल एवढे गाठीशी नसेल तर राजीनाम्याचा कागद लिहावा, पण उशीखाली ठेवावा. मी स्वतः तसा दोन वर्षे ठेवला होता. तोवर आपण केलेल्या कामाची वही ठेवावी, तारखेसह. साहेबांकडे जायचे तर "माझे कौतुक होत नाही" असे रडगाणे घेऊन जाऊ नये. "या कामाखाली माझी सही असू द्या" असे म्हणावे. काही साहेब ऐकतात. माझे ऐकले नाहीत.

त्या दोन वर्षांत मी संध्याकाळी शेजारच्या दोन बचत गटांचे हिशेब फुकट लिहून देत असे. दिवसभर आकड्यांनी शिणलेली मी तिथे पुन्हा आकडेच लिही, पण घरी येताना भाजी घ्यायची आठवण राही, एवढे डोके हलके असे. तेव्हा कळले की माझे आकड्यांशी भांडण नव्हतेच. सत्तेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडली. आता सात गटांचे आणि तीन छोट्या दुकानांचे हिशेब बघते, थोडीशी फी घेते. उत्पन्न निम्म्यावर आले, हे लपवीत नाही. दोन वर्षे दिवाळीला नवे लुगडे नाही. सगळ्यांना हे परवडणार नाही, आणि ज्यांना परवडत नाही त्यांना 'मन मारून जगतेस' असे कोणी हिणवू नये.

रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्याच्या सेवासदनाचे काम सुरू केले. तिथून बायका ससून इस्पितळात परिचारिकेचे काम शिकायला गेल्या, तेव्हा चांगल्या घरच्या बाईने परक्यांची शुश्रूषा करावी हे अनेकांना रुचले नव्हते. घरी आजाऱ्याचे उशापायथे करण्यात जिची रात्र जाई, तिच्या त्याच कामाला शिक्षण, दाखला आणि पगार मिळाला. काम काही फार निराळे नव्हते.

शेवटी एक सूचना. आपल्या स्मरणिकेत देणगीदारांची यादी छापतात. तिच्याखाली आपले सभागृह झाडणाऱ्या, चहा करणाऱ्या आणि गल्लीतला कचरा नेणाऱ्या बायकांची नावे छापावीत, त्यांना विचारून. सेक्रेटरीबाई म्हणतात, छापखान्याला मजकूर द्यायला अजून चार दिवस आहेत. आमच्या गल्लीतल्या बाईला मी काल विचारले. ती म्हणाली, "नाव छापा काकू. फोटो छापणार असाल तर कार्डावरचा नको, त्यात मी घाबरलेली दिसते. नवीन काढून देते."