हात सुधारला, बीपीचं काय?

(पिंपरीतल्या युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तरीही आज लकव्यावर, म्हणजे स्ट्रोकवर बोलायला उभा आहे. घरात कोणाला लकवा झाला आहे का, असं मघाशी विचारलं तेव्हा किती हात वर झाले ते तुम्हीच पाहिलंत.

माझे अब्बा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. सत्तावन्नाव्या वर्षी एका सकाळी फजरसाठी वुजू करताना त्यांच्या उजव्या हातातून लोटा निसटला आणि जीभ अडखळायला लागली. वेळेवर दवाखान्यात पोचलो, अब्बा वाचले. पुढचे सहा महिने आमच्या घरात एकच विषय होता, अब्बांचा हात. फिजिओथेरपीवाला येत होता, अम्मी तेल चोळत होती, कोणी कबुतराच्या रक्ताची मालिश सांगत होतं. अब्बांनी पहिल्यांदा स्वतः चमचा धरला त्या दिवशी शेजारीपाजारी मिठाई वाटली.

त्याच सुमारास त्यांची बीपीची गोळी बंद झाली. कोणी बसून तसं ठरवलं नव्हतं. स्ट्रिप संपली, बीपी मोजलं तर वरचा आकडा १२६ आला. अब्बा म्हणाले, ‘‘आता नॉर्मल आहे, जन्मभर सवय कशाला लावायची?’’ आम्हालाही ते पटलं. ते १२६ गोळीमुळे होतं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

मी इंजिनिअर, म्हणून मोबाइलवर एक छोटं अ‍ॅप करून दिलं होतं. रात्री नऊला आवाज व्हायचा, ‘घेतली’ हे बटण दाबलं की थांबायचा. अब्बा आवाज थांबवण्यासाठी बटण दाबायचे. चौदा महिन्यांनी त्यांना दुसरा झटका आला, त्या दिवसापर्यंत माझ्या नोंदीत जवळजवळ सगळ्या गोळ्या ‘घेतलेल्या’ होत्या. कमावलेला हात गेला, बोलणंही गेलं.

तेव्हापासून मी या विषयावर वाचतो आहे. त्यातलं मला जे कळलं ते तुमच्यासमोर ठेवतो.

मुंबईत २००५-०६ मध्ये डॉ. पी. एम. दलाल यांच्या चमूने लोकवस्तीत फिरून पहिल्यांदाच स्ट्रोक झालेल्यांची नोंद केली. त्यांच्यात ८० टक्क्यांहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब होता. सुमारे ३० टक्के रुग्ण पहिल्या २८ दिवसांतच दगावले. जे वाचले ते घरी आले, पण झटक्याचं कारणही त्यांच्याबरोबर घरी आलं. वाढलेलं बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, तंबाखू, हृदयाचे अनियमित ठोके यांनी रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं खराब होत असतात. हात सुधारला म्हणून रक्तवाहिन्या सुधारत नाहीत. आपण हाताकडे पाहतो कारण हात दिसतो. बीपी दिसत नाही आणि दुखतही नाही.

आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स पेनिसिलिन बनवण्यासाठी उभी राहिली. औषध म्हणजे काय, याची आपल्या मनातली कल्पना अजून तिथेच आहे. पाच-सात दिवसांचा कोर्स करायचा, जंतू मेले की औषध संपलं. बीपीची गोळी तशी नाही. ती चालू आहे तोवर दाब आटोक्यात राहतो, बंद केली की बहुतेकांचा पुन्हा वर जातो.

या गोळ्यांनी खरंच फरक पडतो का? ‘प्रोग्रेस’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात स्ट्रोक होऊन गेलेले ६,१०५ लोक होते आणि त्यांच्यावर सुमारे चार वर्षं लक्ष ठेवलं होतं. २००१ मध्ये निकाल आला. बीपीचं औषध घेणाऱ्यांपैकी १० टक्के लोकांना पुन्हा स्ट्रोक झाला, न घेणाऱ्यांपैकी १४ टक्के लोकांना. ज्यांचं बीपी मुळात वाढलेलं नव्हतं, त्यांनाही फायदा झाला.

आता माझ्या अ‍ॅपकडे येतो. आपल्याच देशात २०१८ ते २०२१ मध्ये ‘स्प्रिंट इंडिया’ नावाचा मोठा अभ्यास झाला. लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या नेतृत्वाखाली ३१ केंद्रांतले ४,२९८ रुग्ण त्यात होते. निम्म्या रुग्णांना वर्षभर मोबाइलवर संदेश आणि व्हिडिओ पाठवले, सोबत एक पुस्तिका दिली, तीही १२ भाषांत. पुन्हा स्ट्रोक, हृदयविकार किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण संदेश मिळालेल्यांत ५.५ टक्के आणि न मिळालेल्यांत ४.९ टक्के निघालं, म्हणजे फरक पडला नाही. सिगारेट-बिडी सोडणारे मात्र संदेशवाल्या गटात जास्त होते, ७५ टक्क्यांच्या जागी ८३ टक्के.

त्यात एक आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांचं वरचं बीपी सरासरी १२८ च्या आसपास होतं. स्ट्रोकची नीट सोय असलेल्या केंद्रांतले हे रुग्ण होते, त्यांचे उपचार आणि तपासण्या संदेशांशिवायही चालू होत्या. मी यातून इतकंच घेतो की मोबाइल आठवण करून देतो, पण संपलेली स्ट्रिप आणायला माणूसच लागतो.

मग घरात काय करायचं? पहिलं, बीपीचं मशीन आणा. पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, हात छातीच्या उंचीवर ठेवून मोजा. त्याआधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको. आकडा वहीत लिहा. स्ट्रोकनंतर साधारण १३०/८० च्या खाली ठेवायला सांगतात, तुमच्या रुग्णासाठी किती ते डॉक्टरांना विचारा. दुसरं, शुगर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी कधी झालं, ते वहीतच लिहा. तिसरं, गुटखा, मशेरी, बिडी बंद. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे आपल्याला पाठ आहे. चौथं, लोणचं, पापड, खारी, फरसाण कमी. पाचवं, रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने सुरूही करू नका आणि बंदही करू नका. लकवा गुठळीने होतो तसा मेंदूत रक्तस्राव होऊनही होतो, आणि दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

रमजानचं सांगायलाच हवं. घरातले वडीलधारे रोजे सोडायला तयार नसतात आणि गोळ्या गुपचूप बंद करतात. रमजानच्या महिनाभर आधी त्यांना डॉक्टरांकडे न्या. बऱ्याच गोळ्या सहरी आणि इफ्तारच्या वेळी बसवता येतात. नाही बसल्या, तर आजारी माणसाला दीनने सवलत दिलेली आहे, ती घेण्यात कमीपणा नाही. ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून गोळी सोडणाऱ्याला उंट बांधण्याची गोष्ट आठवून द्या. लहानपणी आपण सगळ्यांनी ती ऐकली आहे.

एक अडचण खरी आहे. कंत्राटावर काम करणाऱ्याला ओपीडीत गेलं की खाडा पडतो, रोज बुडतो. म्हणून डॉक्टरांना एकदम महिन्याची चिठ्ठी मागा, जनऔषधी दुकानात तीच गोळी स्वस्तात मिळते का पाहा, आणि आणायला आपण तरुणांनी जा. हे काम न विचारता घरातल्या बाईवर टाकलं जातं. अब्बांच्या दुसऱ्या झटक्यानंतर आम्ही मशीन आणलं. सहज म्हणून अम्मीचं बीपी मोजलं, वरचा आकडा १७० होता. अब्बांचा हात चोळता चोळता तिचं बीपी कधी वाढलं, आम्हाला माहीतच नव्हतं.

आज घरी गेल्यावर, ज्यांच्याकडे असा रुग्ण आहे त्यांनी गोळ्यांचा डबा उघडा. ‘घेतली का?’ असं विचारू नका, त्यावर ‘हो’ असंच उत्तर येतं. स्ट्रिपमधल्या गोळ्या स्वतः मोजा. मग अम्मीला शेजारी बसवा आणि तिचंही बीपी मोजा.